सीआरपी, ईएसआर, आयएल-६ आणि बाकीची मंडळी: रिपोर्ट हातात पडला की येणारे प्रश्न

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रक्त काढते, मशीन चालवते. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर गेला की पाच मिनिटांत "ताई, हे बोल्डमध्ये का आलंय?" असा मेसेज येतोच. अंगातली सूज, म्हणजे इन्फ्लमेशन, आणि इन्फेक्शन दाखवणाऱ्या या टेस्टबद्दल तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. (इथे 'सूज' म्हणजे बाहेर फुगलेलं दिसतं तेवढंच नव्हे.) औषध काय घ्यायचं ते इथे मिळणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

१. सायटोकाइन म्हणजे नक्की काय? चांगलं असतं की वाईट?

पेशींनी एकमेकींना पाठवलेले निरोप समजा. जंतू दिसला की पांढऱ्या पेशी छोटी छोटी प्रोटीन्स सोडतात, त्यांना सायटोकाइन म्हणतात. इंटरल्यूकिन म्हणजे आयएल-१, आयएल-६ वगैरे, मग टीएनएफ, इंटरफेरॉन, ही सगळी त्याच घराण्यातली. चांगलं की वाईट हे नुसत्या नावावरून ठरत नाही, किती सुटलं आणि कधी थांबलं यावर ठरतं.

तुम्हाला हे अनुभवायचंच असेल तर हुडहुडी भरून येणारा ताप आठवा. आयएल-१, आयएल-६ आणि टीएनएफचा निरोप मेंदूपर्यंत जातो, तिथे प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि शरीराचं तापमान ठरवणारी खुंटी वर सरकते, मग अंग ९९ वर असलं तरी मेंदूला वाटतं आपण गारठलोय, म्हणून दात वाजतात आणि मे महिन्यात दोन गोधड्या लागतात. पॅरासिटामॉल ते प्रोस्टाग्लँडिन अडवतं, खुंटी खाली येते, घाम फुटतो. मूळ निरोप मात्र चालूच असतो. म्हणूनच "गोळीने ताप उतरला, मग सीआरपी का नाही उतरला?" याचं उत्तर हे.

२. मग रिपोर्टवर सायटोकाइनऐवजी सीआरपीच का असतं?

कारण सायटोकाइन रक्तात फार थोडी असतात आणि पटकन नाहीशी होतात, मोजणं महाग आणि किचकट. सीआरपी लिव्हर बनवतं, आणि ते मुख्यतः आयएल-६ च्या हुकुमावरून. म्हणजे सीआरपी ही आयएल-६ ची सावली. आजार सुरू झाल्यावर सहा-आठ तासांत चढायला लागतं, साधारण दोन दिवसांत टोकाला जातं, आणि कारण संपलं की दर १९ तासांनी निम्मं होत जातं. नाव जुनं आहे, १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात हे सापडलं, न्यूमोकोकस जंतूच्या 'सी' नावाच्या भागाला चिकटायचं म्हणून सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन.

यातूनच एक कळतं: सकाळी ताप आला आणि दुपारी टेस्ट केली तर सीआरपी नॉर्मल येऊ शकतं. तेव्हा लॅबची चूक काढू नका, घाई तुमची झाली.

३. सीआरपी ४८ आलंय! अ‍ॅडमिट व्हावं लागेल का?

पहिलं, आकड्यापुढचं युनिट बघा. काही लॅब मिलिग्रॅम पर लिटर देतात, काही मिलिग्रॅम पर डेसिलिटर, दोघांत दहा पटीचा फरक. एक काका दोन लॅबचे रिपोर्ट घेऊन आले होते, आधी ४.८ होता आता ४८ झाला म्हणून रात्रभर झोपले नव्हते. दोन्ही आकडे एकच होते हो, फक्त युनिट वेगळं.

लिटरच्या हिशेबात बहुतेक लॅबमध्ये ५ किंवा ६ च्या आत नॉर्मल. साध्या व्हायरल तापात १०-४० दिसणं नवल नाही. शंभरच्या वर गेलं की बॅक्टेरियाचा संशय वाढतो, पण डेंग्यू, संधिवात, मोठं ऑपरेशन, भाजणं यातही चढतं. सीआरपी धुरासारखं आहे, आग लागलीय हे सांगतं, कुठे ते नाही सांगत. आणि एका आकड्यापेक्षा दोन आकडे कामाचे, ४८ चं दोन दिवसांनी २० झालं तर डॉक्टर निवांत होतात, १३० झालं तर औषध बदलायचा विचार करतात.

४. ईएसआर ६० आणि सीआरपी नॉर्मल. कोणाचं खरं धरायचं?

दोघांचंही, दोघं वेगळं बोलतायत. ईएसआरची आमची पद्धत बघितलीत तर हसाल. काळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं रक्त लांब काचेच्या नळीत भरायचं, स्टँडवर सरळ उभं करायचं, टायमर लावायचा आणि एका तासाने लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते वाचायचं, बस. स्टँड जरा तिरकं राहिलं तरी आकडा फुगतो, त्यामुळे आमच्याकडे त्या टेबलाला कोणी धक्का लावला की मी ओरडते.

पेशी लवकर का बसतात? सूज असली की रक्तात फायब्रिनोजेन वाढतं आणि पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटून जड होतात. पण हिमोग्लोबिन कमी असेल, पोटात बाळ असेल, वय जास्त असेल तरी ईएसआर वाढतं. ढोबळ हिशोब असा की पुरुषांना वयाच्या निम्मं चालतं, बायकांना वयात दहा मिळवून निम्मं. म्हणजे सत्तर वर्षांच्या आजींना ४० म्हणजे काही संकट नाही. शिवाय ईएसआर उतरायला आठवडे लागतात, म्हणून न्यूमोनिया बरा झालेल्या माणसाचं सीआरपी नॉर्मल आणि ईएसआर चढलेलं ही जोडी नेहमीची.

एक अपवाद मात्र विसरू नका. वयस्कर माणूस, पाठ किंवा हाडं दुखतायत, हिमोग्लोबिन घसरतंय आणि ईएसआर शंभरच्या वर, अशा वेळी डॉक्टर मायलोमा (हाडांच्या मगजातला कॅन्सर), टीबी वगैरे शोधतात. तिथे "वयामुळे असेल" म्हणून घरी बसायचं नाही. सीआरपी खोटं नॉर्मल येण्याची बाकीची कारणं प्रश्न १३ मध्ये.

५. पॅकेजमध्ये एचएस-सीआरपी होतं, ते ३.५ आलं. हार्ट अ‍ॅटॅक येणार?

नाही हो. तेच प्रोटीन, फक्त बारीक मोजलेलं. १ च्या आत धोका कमी, १ ते ३ मधला, ३ च्या वर जास्त, असं हृदयासाठी धरतात, पण सर्दी, हिरड्यांची सूज, सिगारेट, पोटाचा घेर, सगळ्याने ते हलतं (चरबीच्या पेशीसुद्धा आयएल-६ सोडतात). १० च्या वर आलं तर हृदयाच्या हिशोबात ते धरतच नाहीत, काही आठवड्यांनी बरं असताना परत करतात.

६. प्रोकॅल्सिटोनिन कशाला लिहून दिलं? सीआरपी केलंय ना?

बॅक्टेरिया आहेत का याचा जरा जास्त नेमका अंदाज घ्यायला, आणि अँटिबायोटिक कधी थांबवायचं ते ठरवायला. व्हायरल आजारात ते सहसा फारसं चढत नाही. तरी मोठं ऑपरेशन, अपघात, भाजणं, किडनीचा आजार, मलेरिया यात चढलेलं दिसतं.

७. फेरिटिन ९० आहे म्हणजे लोह भरपूर, मग डॉक्टर लोहाच्या गोळ्या का देतायत?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण फेरिटिन दोन नोकऱ्या करतं. एक, लोहाचं कोठार. दोन, सूज आली की ते आपोआप वाढतं. त्यामुळे संधिवाताच्या किंवा टीबीच्या पेशंटचं कोठार रिकामं असलं तरी फेरिटिन नॉर्मल दिसतं. डब्ल्यूएचओच्या हिशोबाने निरोगी मोठ्या माणसात १५ च्या खाली म्हणजे लोह कमी, पण अंगात सूज असेल तर ७० च्या खालीसुद्धा कमीच धरायचं. कमी की पुरेसं हे ठरवायला मग ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रोटीनवर किती लोह चढलंय) वगैरे बघतात, आणि डॉक्टरांनी तुमच्याबाबतीत तेच बघितलं असणार.

आणखी एक गंमत. आयएल-६ लिव्हरला हेप्सिडिन नावाचं हार्मोन बनवायला लावतं आणि हेप्सिडिन लोहाला कुलूप घालतं, आतड्यातून आत येऊ देत नाही, कोठारातून बाहेर पडू देत नाही. बहुतेक जंतूंनाही लोह लागतं, त्यांची उपासमार करायचा हा शरीराचा डाव. पण आजार लांबला की स्वतःच्याच लाल पेशी उपाशी राहतात, म्हणून जुनाट आजारात बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे कितीही खाल्ले तरी हिमोग्लोबिन हलत नाही. सूज उतरली की हलतं.

दुसऱ्या टोकाला, फेरिटिन १०,००० च्या वर असा आकडा मशीनवर आला की आम्ही रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांना फोन करतो. इम्यून सिस्टिम बेलगाम सुटलेली असण्याची शक्यता असते, एचएलएच नावाचा प्रकार, किंवा स्टिल्स डिसीज (ताप आणि सांधेदुखीचा एक दुर्मीळ आजार). डेंग्यूतही कधी कधी असं होतं.

८. कोविडमध्ये सगळ्यांचं आयएल-६ करत होते. 'सायटोकाइन स्टॉर्म' म्हणतात ते हेच का?

स्टॉर्म म्हणजे निरोपांचा गदारोळ, एवढा की त्यानेच फुप्फुसं, किडनी, रक्तवाहिन्या बिघडतात. याचं सगळ्यात उघडं उदाहरण कोविडच्या कितीतरी आधीचं, त्यात जंतू नव्हताच. मार्च २००६, लंडनचं नॉर्थविक पार्क हॉस्पिटल, टीजीएन-१४१२ नावाचं नवीन औषध ६ धडधाकट तरुणांना चाचणीसाठी दिलं, आणि दीड तासाच्या आसपास डोकेदुखी, थंडी, उलट्या सुरू होऊन पुढच्या काही तासांत सहाही जण आयसीयूत, एकामागून एक अवयव बंद पडायला लागले. सगळे वाचले, पण एकाची बोटं गेली.

कोविडचं म्हणाल तर २०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्याकडे आयएल-६ ची सँपल्स बर्फात घालून बाहेरच्या मोठ्या लॅबला जायची आणि लोक तो आकडा घेऊन टोसिलिझुमॅबसाठी, म्हणजे आयएल-६ चा निरोप अडवणाऱ्या इंजेक्शनसाठी, वणवण फिरायचे. पण ज्या मोठ्या ब्रिटिश ट्रायलने ते औषध कामाचं आहे हे दाखवलं त्या रिकव्हरी ट्रायलमध्ये पेशंट निवडायला आयएल-६ बघितलंच नव्हतं, ऑक्सिजन कमी आणि सीआरपी ७५ किंवा वर एवढंच. साधी, स्वस्त टेस्ट. मला अजून त्या महागड्या रिपोर्टांचं वाईट वाटतं.

त्याच ट्रायलने डेक्सामेथासोन दाखवलं, व्हेंटिलेटरवरच्या लोकांतले मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र काही फायदा नाही. तरी घरोघरी पहिल्या दिवसापासून स्टिरॉइड खाल्लं गेलं, शुगर ५०० वर गेली आणि पुढे काळी बुरशी आली, ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

हेच टोसिलिझुमॅब आता कॅन्सरच्या कार-टी उपचारात हाताशी ठेवतात, कारण त्यात लॅबमध्ये बदलून परत सोडलेल्या टी-पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) कॅन्सरवर तुटून पडल्या की असाच गदारोळ उठू शकतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार-१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, भारतातली ही पहिली कार-टी.

९. आरए फॅक्टर पॉझिटिव्ह. संधिवात झालाच ना?

आरए फॅक्टर ही संधिवातात रक्तात सापडणारी एक अँटिबॉडी. पण सांधे सुजलेत का? सकाळी उठल्यावर तासभर बोटं आखडतात का? नसेल तर नुसत्या आकड्यावर संधिवात ठरत नाही. वय झालेल्या, टीबी, हिपॅटायटिस सी असलेल्या माणसांतही तो पॉझिटिव्ह येतो, चिकनगुनियानंतरही काही दिवस येऊ शकतो. उलट, खऱ्या संधिवाताच्या शंभरातल्या वीस-तीस जणांचा निगेटिव्हच असतो. अँटी-सीसीपी नावाची दुसरी अँटिबॉडी टेस्ट जास्त भरवशाची. आणि दर महिन्याला आरए फॅक्टर करू नका, आजार किती आटोक्यात आहे ते सीआरपी-ईएसआर आणि सांध्यांवरून बघतात.

एएनए (शरीर स्वतःवरच उलटलंय का ते बघायची अँटिबॉडी टेस्ट) आणि एचएलए-बी२७ (मणक्याच्या संधिवातासाठी करतात ती) यांचंही असंच. एएनए १:४० ला, म्हणजे सँपल ४० पट पातळ करून बघितलं तर, सुमारे ३० टक्के धडधाकट माणसांत पॉझिटिव्ह सापडलंय, १:१६० ला सुमारे ५ टक्क्यांत. बी२७ तर जीन आहे, जन्मभर तेच राहणार, आणि ते असलेल्या बहुतेकांना कधीच काही होत नाही.

१०. मुलाचा एएसओ ४०० आलाय. हृदयाला धोका आहे का, इंजेक्शन किती वर्षं?

एएसओ एवढंच सांगतो की घशात स्ट्रेप्टोकोकस येऊन गेला. शाळेच्या वयात हे फार कॉमन आहे, आणि आकडा महिनोन्‌महिने चढलेला राहतो. संधिवाताचा ताप, म्हणजे र्‍हुमॅटिक फीव्हर, ठरवायला सांधे, हृदय, त्वचा, हातापायांच्या विचित्र हालचाली असं बरंच काही बघावं लागतं. आमच्या नात्यातल्या एका मुलीला फक्त पाय दुखतात आणि एएसओ जास्त म्हणून तीन वर्षं दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिन टोचलं, शेवटी दुसरीकडे टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, काहीच नव्हतं. पण ज्यांना खरंच तो आजार झालाय त्यांनी हे वाचून इंजेक्शन बंद करू नका! त्यांच्या झडपा त्यानेच वाचतात.

(विडालबद्दल वेगळं लिहीत नाही, गोष्ट तीच. १:८० म्हणजे टायफॉइड नव्हे, जुन्या इन्फेक्शनच्या किंवा लशीच्या अँटिबॉडीजही असतात. अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी ब्लड कल्चर द्या.)

११. संधिवातासाठी बायोलॉजिक इंजेक्शन सांगितलंय, पण आधी टीबीची टेस्ट का?

लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी १९९२ साली लंडनमध्ये पहिल्यांदा संधिवाताच्या पेशंटना टीएनएफ अडवणारं औषध दिलं आणि जिने चढू न शकणारी माणसं चढायला लागली. पण टीएनएफ आणखीही एक काम करत होता. आपल्यातल्या पुष्कळ जणांच्या फुप्फुसात लहानपणी आलेले टीबीचे जंतू पेशींच्या गाठीत कोंडलेले असतात, आणि त्या गाठीच्या भिंती टीएनएफ उभ्या ठेवतो. तो काढला की जंतू सुटले. २००१ साली अशा ७० रुग्णांची माहिती छापून आली, तेव्हापासून आधी टीबी शोधायचा आणि मगच इंजेक्शन.

त्यासाठी छातीचा एक्स-रे, मांटू (हातावर टोचून बघतात ती) किंवा इग्रा. इग्रा म्हणजे तुमच्या रक्तातल्या पेशींना टीबीचे तुकडे दाखवायचे आणि त्या इंटरफेरॉन-गॅमा सोडतात का ते मोजायचं, थोडक्यात सायटोकाइनचीच टेस्ट. बीसीजीच्या लशीने ती फसत नाही, मांटू फसू शकते. मात्र जंतू झोपलेत की जागे आहेत हे दोन्हींनाही कळत नाही. आणि टीबीसाठी रक्तातल्या आयजीजी-आयजीएम अँटिबॉडीची टेस्ट कोणी करायला सांगितली तर नाही म्हणा, भारतात २०१२ पासून तिच्यावर बंदी आहे.

१२. एकाच जंतूने एकाला साधा चट्टा आणि दुसऱ्याला अंगभर गाठी, असं कसं?

कुष्ठरोगाबद्दल एका आशाताईंनी हा प्रश्न पाठवला होता, फार नेमका. जंतू तोच, निरोप वेगळे. ज्याच्या पेशी इंटरफेरॉन-गॅमा आणि आयएल-२ जोरात सोडतात तिथे जंतू दोन-चार बधिर चट्ट्यांत अडकून पडतात. जिथे आयएल-४, आयएल-१० चा जोर, तिथे हल्लाच होत नाही आणि जंतू अंगभर पसरतात, कानाच्या पाळ्या जाड होतात, गाठी येतात.

यातला महत्त्वाचा भाग पुढे आहे. एमडीटी (कुष्ठरोगाच्या गोळ्यांचा कोर्स) चालू असताना किंवा संपल्यावर अचानक ताप, लाल दुखऱ्या गाठी, नस सुजणं सुरू होतं, पेशंटला वाटतं गोळ्या बाधल्या, तो बंद करतो. ते जंतूंविरुद्ध उसळलेल्या इम्यून सिस्टिमचं काम असतं, त्याला रिअ‍ॅक्शन म्हणतात. एमडीटी थांबवायची नसते, लगेच दवाखान्यात जायचं असतं, कारण सुजलेली नस आठ-पंधरा दिवसांत हात वाकडा करून ठेवते.

१३. सगळे मार्कर (सीआरपी, ईएसआर वगैरे) नॉर्मल आहेत पण माणूस आजारी दिसतोय. असं होतं का?

होतं, आणि हाच सगळ्यात फसवा भाग.

टोसिलिझुमॅब चालू असलेल्या पेशंटमध्ये आयएल-६ चा निरोप लिव्हरपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे आत न्यूमोनिया असला तरी सीआरपी २ येऊ शकतं. आणि त्याच माणसाचं आयएल-६ मोजलं तर भरमसाट, कारण औषधाने कुलूप बंद केलंय, किल्ल्या बाहेर साठतायत. म्हणून लॅबला औषधं सांगा.

लुपसमध्ये (इम्यून सिस्टिम स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) आजार उसळला तरी सीआरपी बऱ्याचदा फारसं हलत नाही, ईएसआर चढतं. लुपसच्या बाईचं सीआरपी एकदम शंभरवर गेलं की डॉक्टर आधी इन्फेक्शन शोधतात. लिव्हर पार निकामी असेल तरी सीआरपी कमीच, बनवणार कोण?

आमच्या बाजूच्याही भानगडी आहेत. छोट्या लॅबमध्ये सीआरपी काळ्या स्लाइडवर थेंब हलवून बघतात, दाणे दिसले की पॉझिटिव्ह. पण सीआरपी फारच जास्त असेल तर दाणे धरतच नाहीत आणि निगेटिव्ह वाटतं, सँपल पातळ करून परत केलं की भसकन दाणे येतात. दुसरं, केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेता ना, त्याने काही मशीनवर प्रोकॅल्सिटोनिन, ट्रोपोनिन, थायरॉइडचे आकडे चुकतात. रक्त द्यायच्या आधी त्याही सांगा.

१४. इम्युनिटी वाढवायला काय घेऊ?

वरचे प्रश्न वाचलेत तर लक्षात येईल की निम्मे आजार इम्युनिटी जास्त उसळल्याचेच आहेत, सरसकट 'वाढवून' काय करणार? झोप, लसी, शुगर ताब्यात, तंबाखू बंद. हळदीचं दूध आवडत असेल तर खुशाल प्या, पण त्यातलं कर्क्युमिन आतड्यातून फार थोडं आत जातं. गुळवेलीबद्दल मात्र जपून. कोविडच्या काळात काढे पिऊन लिव्हर सुजलेले ६ रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापले, आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद झाला. आधीच लुपस, थायरॉइडसारखा ऑटोइम्यून आजार असेल तर मी तरी घरच्यांना देणार नाही.

१५. उपाशीपोटी यायचं का? आणि परत कधी करायचं?

सीआरपी, ईएसआर, आरए फॅक्टर, कशालाच उपाशी लागत नाही. फक्त मिसळ खाऊन तासाभरात येऊ नका, सिरम दुधासारखं पांढरं होतं आणि मशीन कुरकुरतं. परत कधी ते डॉक्टर सांगतील, सीआरपी दोन-तीन दिवसांत बदलतं, ईएसआर आठवड्याच्या आत करून उपयोग नाही. शक्यतो त्याच लॅबमध्ये या आणि आधीचा कागद सोबत आणा, फोटो असेल तर युनिट दिसेल असा काढा.